शेक घेऊन आलेल्या माणसाच्या अंगात किरण उरतात का?

ओंजळ (सोमवार, रात्री ९:४०)

आईचे शेक सुरू आहेत. स्तनातली गाठ काढून झाली, आता रेडिएशन. आज सहावा दिवस झाला. फाइलवर "४० ग्रे, १५ फ्रॅक्शन" असं लिहिलंय.

माझी मुलगी चार वर्षांची आहे, आजीच्या मांडीवरून उठत नाही अशी. शेक सुरू झाल्यापासून मोठ्या काकूंनी बजावलंय, "तिच्या अंगात किरण असतात, लेकराला जवळ देऊ नकोस." आईने ते इतकं मनाला लावून घेतलं की आता ती खोलीचं दार आतून लावून घेते. काल मुलगी दाराबाहेर फरशीवर बसून एकेक चित्र दाराच्या फटीतून आत सरकवत होती आणि आतून आई "मिळालं गं, हे पण मिळालं" म्हणत होती. मला ते बघवेना.

खरंच किरण अंगात उरतात का? आणि मुळात हे रेडिएशन शरीराला करतं तरी काय? एकीकडे त्याने कॅन्सर होतो म्हणतात, दुसरीकडे कॅन्सरवर तेच देतात. आईचे गेल्या वर्षभरात तीन सीटी आणि एक पेट स्कॅनही झालाय. जाणकारांनी कृपया नीट समजावून सांगा.

मृगजळ (सोमवार, रात्री ९:५२)

नाही उरत. दार उघडायला सांगा आईला.

काळीकाच (सोमवार, रात्री १०:३०)

ओंजळताई, मी एक्स-रे विभागात २२ वर्षं काढली आहेत. शेक देण्याचा विभाग वेगळा असतो, पण मशीनची जात एकच.

बाहेरून शेक देतात ते मशीन आता बहुतेक ठिकाणी दिव्यासारखं असतं. बटण दाबलं की किरण निघतात, सोडलं की थांबतात. खोलीतला दिवा बंद केल्यावर भिंतीत उजेड साठून राहतो का? तसंच हे. किरण शरीरात शिरतात, काही तिथेच आपली ऊर्जा टाकून संपतात, काही आरपार निघून जातात. आई टेबलावरून उठेपर्यंत सगळं संपलेलं असतं. त्यांना मिठी मारली, एका ताटात जेवलं, शेजारी झोपलं, तरी कुणाला काही होत नाही.

हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आमच्या क्षेत्रातली माणसं मशीन नीट लावतात आणि बोलायचं विसरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

रातराणी (सोमवार, रात्री १०:५८)

काळीकाच दादा, तुमचं बरोबर आहे, पण ते सगळ्याच उपचारांना लागू नाही. मला थायरॉइडचा कॅन्सर होता आणि मला किरणोत्सर्गी आयोडीन पाजलं होतं. आयोडीन-१३१. त्यात किरण सोडणारा पदार्थच पोटात जातो, म्हणून मी खरोखर काही दिवस लोकांसाठी धोक्याची होते.

मला एकटीला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. जेवण दाराशी ठेवून जायचे. भरपूर पाणी प्या, संडासात दोनदा पाणी सोडा, कपडे वेगळे ठेवा. रोज एक ताई दारात उभ्या राहून माझ्याकडे मीटर धरायच्या आणि आकडा लिहून घ्यायच्या. आकडा ठरावीक रेषेखाली आला तेव्हा घरी सोडलं. त्यानंतरही मुलाला कुशीत घेऊन झोपायचं नाही असं सांगितलं होतं. तो तेव्हा दोन वर्षांचा होता. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक.

म्हणून ओंजळ, काकूंना अगदी खोट्यात काढू नकोस. त्यांनी असं काहीतरी कुणाचं तरी पाहिलं असेल.

काळीकाच (सोमवार, रात्री ११:०५)

रातराणीताई, अगदी बरोबर. मी "बाहेरून शेक" म्हटलं ते त्यासाठीच, पण फरक उलगडून सांगायला हवा होता. पदार्थ अंगात गेला तर तो विरून किंवा बाहेर पडून जाईपर्यंत किरण सुटत राहतात. मशीनच्या किरणांत अंगात काहीच जात नाही.

घनमूळ (मंगळवार, सकाळी ७:१५)

ओंजळताईंचा दुसरा प्रश्न जास्त खोल आहे, त्याबद्दल लिहितो. मी भौतिकशास्त्र शिकवतो.

रेडिएशन म्हणजे एका जागेहून दुसरीकडे निघालेली ऊर्जा. सूर्यप्रकाश, चुलीची धग, रेडिओच्या लहरी, एक्स-रे, सगळंच रेडिएशन. त्यातलं कोणतं घातक हे ठरतं एका गोष्टीवर: ऊर्जेच्या एका पुडीत अणूमधला इलेक्ट्रॉन उपटून काढायची ताकद आहे का. या उपटण्याला आयनीकरण म्हणतात. त्यासाठी साधारण १० इलेक्ट्रॉन व्होल्ट किंवा त्याहून जास्त ऊर्जा एकाच पुडीत लागते. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाची पुडी २ ते ३ ची. एक्स-रेच्या पुड्या हजारोंच्या घरातल्या. मोबाइलच्या लहरींची पुडी एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या लाखाव्या भागाच्या आसपास.

वर्गात मी मुलांना उंच फळीवरच्या डब्याचं उदाहरण देतो. हात पोहोचत नसेल तर शंभर बुटकी मुलं एकामागून एक उड्या मारून गेली तरी डबा खाली येत नाही. एक उंच माणूस आला की पुरे. पुड्यांची संख्या वाढवून पुडीची ताकद वाढत नाही.

आता शरीराचं. किरणाने इलेक्ट्रॉन उपटला तो बहुतेक वेळा पाण्याच्या रेणूतला असतो, कारण पेशीत पाणीच सगळ्यात जास्त. तो रेणू तुटून हायड्रॉक्सिल नावाचा अतिशय भांडखोर तुकडा तयार होतो आणि तो शेजारच्या डीएनएला चावतो. कधी किरण थेट डीएनएवरच आदळतो. डीएनए दुहेरी धाग्याचा. एक धागा तुटला तर पेशी समोरचा धागा बघून तो सांधते. दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले तर बघून सांधायला नमुनाच उरत नाही. एक ग्रे (हे किरणांच्या मात्रेचं एकक) एवढ्या मात्रेला प्रत्येक पेशीत एकेरी तुटी सुमारे १,००० आणि दुहेरी ४० च्या आसपास होतात. एकेरी तुटींचं पेशीला विशेष वाटत नाही, रोजच्या श्वासोच्छ्वासातूनच त्याहून कितीतरी जास्त पडझड होत असते. ते दुहेरी ४०च खरे महागात पडतात.

पुढे तीन वाटा: पेशी नीट सांधली जाते, किंवा मरते, किंवा चुकीची सांधली जाऊन जिवंत राहते. चुकीची सांधलेली पेशी पुढे कित्येक वर्षांनी कॅन्सरची सुरुवात ठरू शकते.

निंबोणी (मंगळवार, सकाळी ८:०२)

घनमूळ सर, म्हणजे आमच्या गच्चीसमोरच्या मोबाइल टॉवरमुळे आयनीकरण होत नाही? दोन वर्षं मी त्या बाजूची खिडकी उघडलेली नाही.

घनमूळ (मंगळवार, सकाळी ८:२०)

होत नाही. त्या लहरी फार तीव्र असतील तर ऊतींना तापवतात, मर्यादा त्यावरूनच ठरवल्या आहेत. पूर्ण चित्र सांगायचं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०११ साली या लहरींना "कदाचित कॅन्सरजनक" या गटात ठेवलं. त्या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, शक्यता पूर्ण पुसता येत नाही, एवढाच. खिडकी उघडा, वारा येऊ द्या.

तुमच्या त्वचेला खरी इजा करणारा शेजारी दुपारचं ऊन आहे. अतिनील किरणांची पुडी ४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. ती इलेक्ट्रॉन उपटत नाही, पण डीएनएची शेजारशेजारची अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकते.

निंबोणी (मंगळवार, सकाळी ८:२४)

डोक्यात दिवा लागला. त्या दिव्याचे किरणही बिनधोक हे आता कळलं :) खिडकी उघडली.

शब्दखूण (मंगळवार, सकाळी ९:१०)

थोडं विषयांतर. इथे सगळे "किरणोत्सर्ग" हा एकच शब्द सगळीकडे वापरतात आणि अर्धा गोंधळ तिथेच होतो. रेडिएशनला मराठीत "प्रारण" हा चांगला शब्द आहे. "किरणोत्सर्ग" म्हणजे अस्थिर अणूने आपणहून किरण सोडणं. एक्स-रे मशीनमधून प्रारण निघतं, पण मशीन किरणोत्सर्गी नसतं. रातराणीने घेतलेलं आयोडीन किरणोत्सर्गी होतं. ओंजळच्या आईला प्रारण दिलं जातंय, त्या किरणोत्सर्गी होत नाहीत. शब्द वेगळे ठेवले असते तर काकूंची भीती निम्मी झाली असती.

मृगजळ (मंगळवार, सकाळी ९:३३)

आणि "शेक" या शब्दाचं काय? माझ्या आजोबांना वाटायचं आत भाजून काढतात. ते रोज विचारायचे, अजून गरम कसं लागत नाही?

घनमूळ (मंगळवार, दुपारी १:४०)

मृगजळ, तुमच्या आजोबांचा प्रश्न फार मोलाचा आहे.

मात्रा मोजायचं एकक ग्रे. एक ग्रे म्हणजे एका किलो वजनात एक ज्यूल ऊर्जा मुरणं. सगळ्या अंगावर एकदम ४ ते ५ ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसं दोन महिन्यांच्या आत दगावतात. आता हिशेब करा. ७० किलोच्या माणसाला ४ ग्रे म्हणजे २८० ज्यूल. तेवढ्याने शरीराचं तापमान वाढतं एका अंशाच्या हजाराव्या भागाने. गरम पाण्याचा एक छोटा घोट प्यालात तर याच तोलामोलाची ऊर्जा पोटात जाते.

घोटाने काही होत नाही, कारण ती उष्णता सगळीकडे सारखी पसरते आणि एकाही रेणूची जोडणी तुटत नाही. किरणाची ऊर्जा एकेका जागी टोचून पडते आणि जिथे पडते तिथला धागा तोडते. भाजण्याशी याचा काही संबंध नाही, म्हणून गरम लागत नाही.

ओंजळ (मंगळवार, दुपारी २:०५)

सर, तुम्ही लिहिलंत ४ ते ५ ग्रेला माणूस दगावतो. आईला ४० ग्रे देतायत! फाइल पुन्हा उघडून बघितली, ४०च आहे. माझे हात थरथरतायत. कृपया कुणीतरी लवकर लिहा.

घनमूळ (मंगळवार, दुपारी २:११)

ताई, आधी शांत व्हा. आकडा बरोबर आहे आणि उपचारही बरोबर आहे. ते ४ ग्रे सगळ्या अंगाला आणि एकदम. आईंचे ४० ग्रे फक्त छातीच्या त्या भागाला आणि पंधरा फ्रॅक्शनमध्ये, म्हणजे पंधरा दिवसांत वाटून, म्हणजे रोज साधारण २.७ ग्रे. तुम्हाला घाबरवलं याबद्दल मनापासून माफी मागतो. हे दोन आकडे मी एका दमात लिहायला हवे होते.

काळीकाच (मंगळवार, दुपारी २:४०)

जागा आणि वेळ, या दोन गोष्टींनी सगळं पालटतं.

जागेचं असं की सगळ्या अंगावर मारा झाला की पहिला बळी हाडांच्या आतल्या मज्जेचा आणि आतड्याच्या अस्तराचा. मज्जा बंद पडली की पांढऱ्या पेशी संपतात, जंतुसंसर्ग होतो, रक्तस्राव होतो, आणि माणूस त्याने जातो. छातीच्या एका भागावर शेक दिला तर बाकीच्या हाडांतली मज्जा शाबूत असते.

वेळेचं असं की निरोगी पेशी एका शेकापासून दुसऱ्यापर्यंत बरीचशी सांधासांध करून घेतात. कॅन्सरच्या पेशींना ती इतकी नीट जमत नाही. रोज थोडं थोडं तोडत गेलं की दोघींमधलं अंतर वाढत जातं. म्हणूनच एवढे दिवस जावं लागतं.

ज्या पेशी भराभर वाढतात त्यांना किरण लवकर लागतात, हे १९०६ साली बेर्गोनिए आणि ट्रिबोंदो या दोन फ्रेंच माणसांनी मांडलं होतं. आईंच्या त्या जागेची कातडी येत्या दिवसांत लाल होईल, काळवंडेल, कदाचित सोलेल. थकवा येईल. ते नेहमीचं आहे. पण मनाने काही लावू नका, विभागात दाखवा, ते मलम देतात.

रातराणी (मंगळवार, दुपारी ३:१५)

ओंजळ, पाणी पी आधी. आईला काही होत नाहीये, आई बरी होतेय.

उलटतपासणी (मंगळवार, रात्री ८:५०)

शेक आवश्यक आहे, त्यावर वाद नाही. माझा आक्षेप तपासण्यांवर आहे. एका वर्षात तीन सीटी आणि एक पेट! कितीही कमी मात्रा असली तरी धोका असतो, "सुरक्षित मात्रा" नावाची गोष्टच नाही, असं मी वाचत आलोय. मग "थोडंसं चालतं" असं म्हणणाऱ्यांनी त्याचा पुरावा द्यावा.

काळीकाच (मंगळवार, रात्री ९:४५)

उलटतपासणी, आक्षेप योग्य आहे. आकडे समोर ठेवून बोलू.

एकक मिलिसिव्हर्ट. यात किरण कोणत्या जातीचा आणि कोणत्या अवयवावर पडला हेही धरलेलं असतं. जमीन, हवेतला रेडॉन वायू, आकाशातून येणारे किरण आणि स्वतःच्या शरीरातलं पोटॅशियम मिळून माणसाला जगभराच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. त्यातले निम्मे एकट्या रेडॉनचे. छातीचा एक एक्स-रे फार तर ०.१, म्हणजे निसर्गाकडून पंधरा दिवसांत मिळतं तेवढं. पोटाचा सीटी १० च्या आसपास, म्हणजे चार वर्षांचं एकदम. तेव्हा सीटीला एक्स-रेचा धाकटा भाऊ समजू नका. एमआरआय आणि सोनोग्राफीत मात्र हे किरण नसतातच.

आता धोका. किरणांपासून संरक्षणाची आंतरराष्ट्रीय समिती नियम ठरवताना असं धरते की एका सिव्हर्टमागे (म्हणजे १,००० मिलिसिव्हर्टमागे) जिवावरच्या कॅन्सरचा धोका ५ टक्क्यांनी वाढतो आणि ही रेषा शून्यापर्यंत सरळ जाते. त्या हिशेबाने १० मिलिसिव्हर्टचा एक सीटी म्हणजे २,००० माणसांत एक. आणि मुळातच जगात पाचातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी कॅन्सर होतो. १०० मिलिसिव्हर्टच्या खाली वाढ इतकी बारीक असते की या पाचातल्या एकाच्या गर्दीतून ती वेगळी काढणं फार अवघड जातं. म्हणून "धोका शून्य" असं मी म्हणणार नाही. "धोका अगदी लहान, आणि गाठ पसरली आहे का हे न कळण्याचा धोका त्याच्या कितीतरी पट मोठा" असं म्हणेन.

उलटतपासणी (मंगळवार, रात्री १०:१०)

२,००० मध्ये एक हे एका माणसाला लहान वाटतं. लाखो लोकांचे बिनकामाचे सीटी काढले तर त्यातून माणसं उभी राहतात. आणि लहान मुलांच्या पेशी जास्त भराभर वाढतात, शिवाय पुढे जगायची वर्षंही जास्त, म्हणजे त्यांचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त. हे तुम्ही लिहिलं नाहीत.

काळीकाच (मंगळवार, रात्री १०:४०)

मान्य, शंभर टक्के मान्य. डोक्याला किरकोळ मार लागलेल्या पोराचा सीटी केवळ आईबापांच्या समाधानासाठी काढू नये. डॉक्टरांना सरळ विचारावं, "या तपासणीने उपचार बदलणार आहे का?" आणि जुन्या फिल्म आणि सीडी जपून ठेवाव्यात. त्या हरवल्या म्हणून पुन्हा काढलेले सीटी मी खूप पाहिलेत.

तुमच्या रागाला माझ्याकडूनही एक जोड. आम्ही कामावर छातीला बिल्ला लावतो, टीएलडी बॅज. त्यात तीन छोट्या चकत्या असतात. त्या किरणांची ऊर्जा धरून ठेवतात, आणि प्रयोगशाळेत तापवल्या की धरलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात उजळतात. त्यावरून तीन महिन्यांत माणसाला किती मिळालं ते कळतं. मी नवीन असताना एका ठिकाणी हे बिल्ले टेबलाच्या खणात ठेवायचे, आकडा वाढला तर चौकशी येईल म्हणून. बिल्ला खणात सुरक्षित आणि पोरगा मशीनपाशी! एक्स-रे काढताना रडणाऱ्या मुलांना आम्हीच हाताने धरायचो. मी तिथून आठ महिन्यांत बाहेर पडलो. आज माझ्या हाताखालच्या कुणाचा बिल्ला छातीला दिसला नाही तर मी त्याला मशीनला हात लावू देत नाही.

सातवीण (मंगळवार, रात्री ११:००)

मला गरोदर असल्याचं माहीत नसताना छातीचा एक्स-रे काढला गेला होता. आता पाचवा महिना आहे. हा धागा वाचून झोप उडालीय.

काळीकाच (मंगळवार, रात्री ११:०६)

सातवीणताई, शांत झोपा. छातीच्या एक्स-रेचा झोत पोटावर नसतो. बाळापर्यंत पोचते ती मात्रा ०.०१ मिलिग्रेहून कमी. बाळाच्या वाढीत व्यंग येण्याची भीती साधारण १०० मिलिग्रेच्या वर सुरू होते. म्हणजे दहा हजार पटींचं अंतर आहे. डॉक्टरांना फक्त सांगून ठेवा, म्हणजे नोंद राहील.

पानगळ (बुधवार, सकाळी १०:२०)

किरण बाहेरून येणं आणि पदार्थ आत जाणं यातला फरक रातराणीने सांगितला, त्यावर एक जुनी हकिकत लिहावीशी वाटते.

अमेरिकेत १९१७ च्या सुमारास तरुण मुली घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियम मिसळलेल्या रंगाने आकडे रंगवायच्या. अंधारात चमकणारे आकडे. आकडा रेखीव यावा म्हणून कुंचल्याचं टोक ओठांत धरून बारीक करायचं, असं त्यांना शिकवलं होतं. ओठ, रंग, तबकडी, पुन्हा ओठ. दिवसभरात शेकडो वेळा.

रेडियममधून मुख्यतः अल्फा कण निघतात. अल्फा कण कागदाने अडतो, आपल्या कातडीच्या वरच्या मेलेल्या थराच्याही पार जात नाही. बाहेर असताना अगदीच बापुडवाणा. पण रेडियम रसायन म्हणून कॅल्शियमसारखं वागतं, त्यामुळे शरीर ते हाडांत नेऊन बसवतं. तिथे त्याला अडवायला कातडी नाही, समोर थेट जिवंत पेशी. अल्फा सगळी ऊर्जा केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरात ओततो, म्हणून मात्रेच्या हिशेबात त्याचं वजन एक्स-रेच्या वीसपट धरतात.

मुलींचे दात पडू लागले, मग जबडे कुजू लागले. मॉली मॅगिया १९२२ साली गेली. १९२७ मध्ये तिचं शव उकरून काढलं तेव्हा हाडं किरणोत्सर्गी निघाली. ग्रेस फ्रायर आणि आणखी चौघी कोर्टात गेल्या. १९२८ साली तडजोड झाली. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, १,६०० वर्षांचं. त्या मुलींची हाडं आजही किरण सोडत असणार.

त्यांच्या ओठांचा मला विसर पडत नाही.

शब्दखूण (बुधवार, सकाळी १०:५५)

पानगळ, वाचून सुन्न झाले. मेरी क्यूरींच्या वह्याही अजून किरणोत्सर्गी आहेत म्हणून शिशाच्या पेट्यांत ठेवतात, हे आठवलं. त्या स्वतः १९३४ साली मज्जा निकामी होऊन गेल्या.

उलटतपासणी (बुधवार, दुपारी १२:३०)

ब्राझीलमधलं गोयानियाही आठवा, सप्टेंबर १९८७. बंद पडलेल्या दवाखान्यातलं शेक द्यायचं जुन्या जातीचं मशीन दोन भंगारवाल्यांनी फोडलं. आत सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी पदार्थाची पूड, अंधारात निळी चमकणारी. सुंदर दिसते म्हणून लोकांनी चिमूट चिमूट घरी नेली, अंगाला लावली. सहा वर्षांच्या एका मुलीने पूड लागलेल्या हातांनीच खाल्लं. ती गेली. एकूण चौघं गेले.

भंगार दुकानदाराच्या बायकोला पहिल्यांदा जाणवलं की ही पूड आल्यापासूनच सगळे आजारी पडतायत. ती ते अवशेष पिशवीत घालून बसने आरोग्य केंद्रात घेऊन गेली, तेव्हा कुठे शोध लागला. मेलेल्या चौघांत ती होती. तिच्यामुळे किती जण वाचले त्याचा हिशेब नाही.

आपल्याकडे २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्ट-६० आलं, तिथेही एक माणूस गेला.

घनमूळ (बुधवार, दुपारी १:०५)

आणि ओंजळताईंच्या प्रश्नाची मेख याच उदाहरणात आहे. गोयानियात लोकांच्या अंगावर धूळ होती, पोटात धूळ होती. ती माणसं दुसऱ्याला किरण देऊ शकत होती, धूळ धुऊन निघेपर्यंत. नुसता किरण अंगावर पडलेला माणूस तसा नसतो. चिखलात लोळलेला माणूस शेजाऱ्याचे कपडे मळवतो, उन्हात उभा राहिलेला नाही.

"अंगात किरण असतात" म्हणाल तर ते काकूंच्याही अंगात आहेत. प्रत्येकाच्या शरीरातल्या पोटॅशियमचे ४,००० हून जास्त अणू दर सेकंदाला फुटत असतात, जन्मापासून.

ओंजळ (बुधवार, रात्री ९:१५)

तुम्हा सगळ्यांचं लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं. पानगळ यांचं सोडून, ते नंतर वाचेन.

एक गोष्ट उलगडली. आईची फाइल पहिल्यापासून चाळली तेव्हा पेट स्कॅनच्या दिवशीची चिठ्ठी सापडली. त्यावर छापलंय, "आज लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्यापासून दूर राहावे." काकू त्या दिवशी बरोबर होत्या. शेकाच्या वेळीही तेच लागू असेल असं त्यांना वाटलं. आम्हाला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

काळीकाच (बुधवार, रात्री ९:३०)

बघा, काकूंचं चुकलं नाही, सांगणाऱ्यांचं चुकलं. पेट स्कॅनमध्ये फ्लोरिन-१८ हा किरणोत्सर्गी पदार्थ टोचतात, त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं. म्हणजे दर ११० मिनिटांनी निम्मं. दहा वेळा निम्मं झालं की हजारावा भाग उरतो, आणि त्याला अठरा-एकोणीस तास लागतात. लघवीवाटे जातं ते वेगळंच. "आज" हा शब्द त्या चिठ्ठीत मोजून मापून लिहिलेला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आई मोकळ्या होत्या.

रातराणी (बुधवार, रात्री ९:४१)

काकूंना माझा नमस्कार सांग. लेकराच्या काळजीनेच बोलल्या ना त्या.

ओंजळ (गुरुवार, रात्री ८:२०)

आज नववा शेक झाला. तिथल्या ताईंना स्पष्ट विचारलं, त्यांनीही हेच सांगितलं, आणि काकूंना फोन लावून दिला तर त्यांच्याशीही बोलल्या. काकू म्हणाल्या, "मग मीच दार उघडते."

मुलगी तीन ढांगांत आजीच्या मांडीवर. आईने सगळी चित्रं उशीखाली ओळीने लावून ठेवली होती, तिला एकेक काढून दाखवत होती. तेवढ्यात मुलीला आईच्या गळ्याखाली त्या जांभळ्या शाईच्या रेघा दिसल्या, शेक कुठे द्यायचा त्या खुणा. बोट ठेवून विचारते, "आजी, हे चित्र कुणी काढलं?"

आता ती वाटीत पाणी आणि कापूस घेऊन आलीय, पुसून देते म्हणते.

काळीकाच (गुरुवार, रात्री ८:२४)

पुसू देऊ नका! अजून सहा दिवस लागणार आहेत त्या खुणा.